पिरान्हांचा सहवास : हौशी मत्स्यपालकांस काही सूचना

घरच्या काचेच्या टाकीत मासे पाळण्याचा छंद ज्यास एकदा जडला, तो काही काळ गप्पी, मॉली आणि गोल्डफिश यांच्या निरुपद्रवी संगतीत समाधान मानतो, आणि मग केव्हातरी, ज्याच्या नावाचा दरारा आहे असा एखादा मासा आपल्या दिवाणखान्यात असावा ही इच्छा त्याच्या मनात मूळ धरते. असा मासा म्हणजे बहुधा दक्षिण अमेरिकेतील पिरान्हा. परंतु ही इच्छा एकाच जातीवर थांबत नाही. लाल पोटाचा पिरान्हा घरी आला की कल्ल्यामागे काळा डाग असलेला त्याचा ओरिनोको नदीतील भाऊबंद हवासा वाटतो, तो मिळाला की ज्वाळांसारख्या पिवळ्या-नारिंगी पोटाचा तिसरा खुणावू लागतो, आणि अखेरीस लाल डोळ्यांचा काळा पिरान्हा पाहून ‘हे सर्व एकाच टाकीत ठेवता येतील काय?’ अशी पृच्छा केल्यावाचून राहवत नाही.

या पृच्छेस सरसकट ‘होय’ म्हणणारा विक्रेता आणि सरसकट ‘नाही’ म्हणणारे धास्तावलेले आप्तेष्ट, या दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश आहे. मात्र तो अंशच आहे. पिरान्हांच्या निरनिराळ्या जाती एकत्र नांदतील की नाही, हे टाकीच्या सजावटीवर किंवा पालकाच्या मायेवर अवलंबून नसून प्रथमतः माशाच्या प्रजातीवर अवलंबून असते. पायगोसेंट्रस या प्रजातीतील जाती योग्य बंदोबस्त असेल तर एका टाकीत राहू शकतात. सेरासाल्मस या प्रजातीतील मासा एकटाच ठेवावा. आणि पहिल्या वर्गातही जी शांतता दृष्टीस पडते ती मैत्री नसून केवळ तह असतो, ज्याच्या पालनाची हमी पालकालाच रोजच्या रोज द्यावी लागते. या लेखात पुढे जे सांगावयाचे आहे, ते या तहाची कलमे कोणती एवढेच होय.

प्रथम कायदा आणि ओळख

विषयाच्या गाभ्यात शिरण्यापूर्वी कायद्याची बाब निकालात काढलेली बरी. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लॉरिडा, न्यू यॉर्क इत्यादी राज्यांनी पिरान्हा बाळगण्यास मनाई केली आहे, तर अन्य काही राज्यांत तो राजरोस विकला जातो. तेव्हा तेथे नोकरीनिमित्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलविणाऱ्या आपल्याकडील वाचकांनी सामानाच्या यादीबरोबर टाकीचाही विचार आधी करावा. भारतात परदेशी जिवंत मासा आणण्यास केंद्र सरकारचा परवाना लागतो. विक्रेत्याकडे आयातीचा दाखला मागावा, मत्स्यव्यवसाय विभागाकडे लेखी विचारणा करावी, आणि समाधानकारक कागद हाती न आल्यास हा नाद तेथेच सोडून द्यावा. कायद्याचा हा कडकपणा अनाठायी नाही. उष्ण प्रदेशातील तलावात किंवा नदीत सोडलेला परका शिकारी मासा तेथे वंश वाढवू लागला म्हणजे त्यास हुसकावून लावण्याचा उपाय कोणत्याही सरकारच्या हाती उरत नाही.

दुसरी खातरजमा माशाच्या ओळखीची. आपल्याकडे ‘पिरान्हा’ म्हणून जे पिल्लू कानाकोपऱ्यातील दुकानांत विकले जाते, ते पुष्कळदा पिरान्हा नसून त्याचा शाकाहाराकडे कल असलेला आप्त पाकू असतो. आंध्रच्या तळ्यांत वाढवून मासळीबाजारात ‘रूपचंद’ या नावाने येतो तोच हा मासा. लहानपणी त्याचे पोट लाल आणि अंग रुपेरी असल्यामुळे ग्राहकाची फसगत सहज होते. फरक पाहावयाचा तो तोंडात. पिरान्हाचा खालचा जबडा वरच्याहून पुढे आलेला असून त्यात त्रिकोणी, धारदार, एकमेकांत बसणाऱ्या दातांची एकच रांग असते. पाकूचे दात चौकोनी, माणसाच्या दाढांसारखे, फळे आणि कठीण बिया फोडण्यास योग्य असे असतात. पाकू दोन-अडीच फुटांपर्यंत वाढू शकतो, म्हणून पिरान्हांच्या टाकीत त्यास सोबती करण्याची कल्पना, जी अनेकांना सुचते, ती मुळातच सोडून द्यावी. लहानपणी तो भक्ष्य होतो आणि मोठेपणी त्या टाकीत मावत नाही.

आता खऱ्या पिरान्हांकडे वळू. पायगोसेंट्रस प्रजातीत तीन जाती सर्वमान्य आहेत. पहिली नॅटेरेरी, म्हणजे सर्वपरिचित लाल पोटाचा पिरान्हा. रुडॉल्फ क्नेर या शास्त्रज्ञाने १८५८ साली तिचे वर्णन केले आणि ब्राझीलमध्ये अनेक वर्षे प्राणिसंग्रह करणाऱ्या योहान नाटेरर या ऑस्ट्रियन संशोधकाचे नाव तिला दिले. ॲमेझॉन आणि पाराग्वाय-पाराना या विस्तीर्ण जलप्रदेशांत तिचा संचार आहे. दुसरी कारिबा, ओरिनोको नदीच्या खोऱ्यातील. कल्ल्याच्या मागे ठळक काळा डाग ही तिची निशाणी. तिसरी पिराया, ब्राझीलच्या साव फ्रान्सिस्को नदीतील. तिघींत आकाराने सर्वांत मोठी आणि पोटावरून पाठीकडे चढत गेलेल्या पिवळ्या-नारिंगी छटेने सर्वांत देखणी. या तिन्ही जातींचे डोके बोथट, कपाळ फुगीर आणि जबडा भक्कम असतो. सेरासाल्मस प्रजातीत मात्र पंचवीसहून अधिक जाती असून त्यांचे अंग शंकरपाळ्याच्या आकाराचे, चपटे, तोंड पुढे निमुळते आणि डोळ्यांवरचा उतार काहीसा आत वळलेला दिसतो. लिनीयसने १७६६ साली ज्याचे नामकरण केले तो ऱ्हाँबियस, म्हणजे लाल डोळ्यांचा काळा पिरान्हा, या प्रजातीचा अग्रणी होय. पिल्लावस्थेत या सर्वांच्याच अंगावर ठिपके असतात आणि डोळ्यांचा लाल रंग पुढे वयानुसार येतो. म्हणून पिल्लू घेताना रंगापेक्षा डोक्याची ठेवण पाहावी. पायगोसेंट्रस समजून घेतलेले एखादे सेरासाल्मसचे पिल्लू टाकीत शिरणे, हे अशा टाकीतील अनर्थाचे एक नेहमीचे कारण आहे.

दरारा आणि वस्तुस्थिती

पिरान्हाची जी प्रतिमा जनमानसात रूढ आहे, तिच्या प्रसाराचे बरेचसे श्रेय थिओडोर रूझवेल्ट या माजी अमेरिकन राष्ट्राध्यक्षाकडे जाते. १९१३-१४ मध्ये त्याने ब्राझीलच्या अरण्यातून प्रवास केला आणि १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात या माशाचे क्रौर्य अशा काही आवेशाने रंगविले की पुढील पिढ्यांच्या मनातून ते चित्र पुसले गेले नाही. वस्तुतः टाकीजवळ बसून पाहणाऱ्यास हा मासा शूरापेक्षा भित्राच अधिक वाटतो. दिवा एकाएकी लावला, काचेवर टिचकी मारली, किंवा कोणी घाईने समोरून गेले तरी सर्व कळप मागच्या कोपऱ्यात दाटी करतो, आणि क्वचित काचेवर आदळून तोंड फोडून घेतो. ॲन मॅगरन आणि हेल्डर केईरोझ या संशोधकांनी लाल पोटाच्या पिरान्हांचा अभ्यास करून २००५ साली असे दाखविले की, या माशांचा कळप एकत्र शिकार करण्यासाठी नसून आपल्यावर टपलेल्या शत्रूंपासून बचावासाठी असतो. दोनच मासे एकत्र ठेवले तर त्यांचा श्वास जलद चालतो, आणि आठ ठेवले तर तो मंदावतो.

हा निष्कर्ष पालकाच्या दृष्टीने बहुमोल आहे. दोन किंवा तीन पिरान्हा एकत्र ठेवणे हा सर्वांत वाईट पर्याय होय. कारण अशा टाकीत प्रबळ माशाचा सारा रोख एकाच दुर्बलावर राहतो आणि अखेर एकच मासा उरतो. एक तर एकटा मासा ठेवावा, नाहीतर निदान पाच-सहा ठेवावेत, म्हणजे मारामारीचा भार वाटला जातो आणि भयही वाटले जाते.

कोण कोणाबरोबर

नॅटेरेरी, कारिबा आणि पिराया या तिघी निसर्गात एकमेकींना भेटत नाहीत, कारण त्यांच्या नद्यांची खोरी भिन्न आहेत. परंतु शरीररचना, कळपाने राहण्याची वृत्ती आणि खाण्याची रीत या बाबतीत त्या इतक्या जवळच्या आहेत की टाकीत एकत्र वाढविल्यास एकच कळप करून राहतात. सहा माशांची टाकी असेल तर तीन नॅटेरेरी, दोन कारिबा आणि एक पिराया, ही वाटणी विचारात घ्यावी. कारिबा स्वभावाने अधिक तापट समजला जातो, म्हणून तो इतरांहून मोठा असता कामा नये. पिराया पुढे सर्वांहून मोठा होणार हे गृहीत धरून तो आरंभी अंमळ लहान घेतला तरी चालतो, मात्र तो इतका लहान नसावा की पहिल्याच रात्री घास व्हावा. सर्व माशांच्या लांबीत दोन-तीन सेंटिमीटरांहून अधिक अंतर नसावे, हा नियम कोणत्याही परिस्थितीत मोडू नये. किमतीचा विचार करता नॅटेरेरी बहुधा टाकीतच पैदास झालेला आणि स्वस्त असतो, तर कारिबा आणि पिराया बहुतेक नदीतून पकडलेले असल्याने महाग पडतात. साहजिकच त्यांच्याबरोबर परोपजीवी कृमी येण्याचा संभवही अधिक असतो.

सेरासाल्मसची गोष्ट वेगळी. या प्रजातीतील पुष्कळ जाती लहानपणी दुसऱ्या माशांचे पर आणि खवले तोडून खाण्यावरच गुजराण करतात, आणि मोठेपणीही ती सवय सुटत नाही. नदीत त्यांना आणि लाल पोटाच्या पिरान्हांना एकाच पाण्यात वावरावे लागते हे खरे. परंतु तेथे पळण्यास मैलोगणती पाणी आणि दडण्यास बुडालेल्या झाडांची मुळे असतात, टाकीत सहा फुटांच्या पलीकडे काच लागते. ऱ्हाँबियसच्या जबड्याचे सामर्थ्य २०१२ साली मोजण्यात आले, तेव्हा सुमारे किलोभर वजनाच्या माशाने ३२० न्यूटनपर्यंत, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीसपट, जोर लावल्याचे आढळले. असा मासा पायगोसेंट्रसच्या कळपात सोडणे म्हणजे एक तर त्याचा बळी देणे किंवा कळपाचा. कोणाचा, एवढाच प्रश्न उरतो. एलाँगॅटस, मॅन्युएली, ब्रँटी, सांचेझी या जातींनाही हाच न्याय लागू आहे. गेरी नावाची, कपाळापासून पाठीपर्यंत काळपट-जांभळा पट्टा असलेली जात, तसेच सोनेरी मॅक्युलेटस, यांचे गट काही अनुभवी पालकांनी मोठ्या टाक्यांत ठेवले आहेत. तथापि ते त्याच जातीचे गट असून सरमिसळ नव्हे, आणि नवशिक्याने त्यांचे अनुकरण करू नये.

याखेरीज दोन दूरचे नातलग आहेत. कॅटोप्रिऑन हा चाकोरीबाहेरचा मासा खवल्यांवर जगतो, तेव्हा त्यास सोबती देणे म्हणजे त्याच्या भोजनाची सोय करणे होय. पायगोप्रिस्टिस हा तुलनेने सौम्य, फळे आणि वनस्पतीही खाणारा मासा स्वजातीयांबरोबर बरा राहतो. परंतु तापट आप्तांच्या पंक्तीस त्यास बसविणे अन्यायाचे ठरेल.

टाकी, जमीन आणि पाणी

मिश्र कळपासाठी सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच ही किमान टाकी समजावी. तिचे आकारमान २४ घनफूट, म्हणजे सुमारे ६८० लिटर. उंचीपेक्षा लांबी आणि रुंदी महत्त्वाची, कारण हे मासे आडवे पोहतात, वर-खाली क्वचितच जातात. येथे एक व्यावहारिक सूचना कळकळीने करावीशी वाटते. ६८० लिटर पाण्याचे वजन ६८० किलो. त्यात काच, वाळू, लाकूड आणि लोखंडी स्टँड यांची भर पडली की एकूण भार आठशे-नऊशे किलोंच्या घरात जातो, आणि तो सारा जमिनीच्या जेमतेम १२ चौरस फुटांवर येतो. राहत्या घराची जमीन सामान्यतः दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोंचा भार धरून आखलेली असते. या टाकीखालील भार त्याच्या कितीतरी पट होतो. म्हणून टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईवर किंवा भार घेणाऱ्या भिंतीलगत ठेवावी, आणि चाळीत, जुन्या इमारतीत किंवा वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतल्याविना एक बादलीही पाणी भरू नये.

तळाशी बारीक वाळू, मधे दोन-तीन मोठी ओंडकेवजा लाकडे, वर तरंगणारी वनस्पती आणि मंद प्रकाश, एवढी मांडणी पुरेशी होते. लाकडे अशी ठेवावीत की टाकीच्या एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाच्या माशास सदैव दिसणार नाही. दृष्टीआड झालेल्या प्रतिस्पर्ध्याचा राग लवकर शमतो. पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस आणि पीएच साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान ठेवावा. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात हीटर लागतो, आणि त्यास जाळीचे संरक्षक आवरण असावे, कारण भेदरलेला किंवा खवळलेला पिरान्हा काचेच्या नळीवर आणि तारेवरही दात चालवितो. गाळणी ताशी निदान पाच-सहा वेळा सर्व पाणी फिरवील अशी घ्यावी, शक्यतो दोन स्वतंत्र कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा काम चालवितो. आणि वीज जाण्याचा शिरस्ता असलेल्या गावी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा.

मासे आणण्यापूर्वी चार ते सहा आठवडे टाकी थोडा थोडा अमोनिया घालीत चालवून जिवाणूंची वसाहत तयार होऊ द्यावी. ते माशांच्या मलमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. तपासणीच्या संचात अमोनिया व नायट्राइट शून्य दिसल्यावाचून एकही मासा सोडू नये. नंतरही दर आठवड्यास चौथाई ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे, नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने काढावे, आणि बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांनी त्याची जडता आधी तपासून घ्यावी. मांसाहारी माशाच्या टाकीत घाण झपाट्याने साठते. आणि दूषित पाण्याने त्रस्त झालेला पिरान्हा आपला त्रास शेजाऱ्यावर काढतो, हे ध्यानी ठेवावे.

प्रवेशविधी

सर्व मासे एकाच दिवशी टाकीत सोडणे हा उत्तम मार्ग. तत्पूर्वी त्यांना वेगळ्या टाकीत तीन-चार आठवडे नजरेखाली ठेवावे, अंगावर पांढरे ठिपके, बुरशी किंवा खपाटीला गेलेले पोट दिसल्यास उपचार करावा. ही वेगळी टाकी पुढे मोडून टाकू नये. जखमी माशाची रवानगी तिथेच करावी लागणार आहे, आणि मिश्र कळप पाळणाऱ्यास तिची गरज ‘पडली तर’ नव्हे, पडतेच.

पूर्वीच्या कळपात नव्याने भर घालावयाची असेल तर काम अधिक नाजूक होते. आमच्या जुन्या वाड्यांतून सकाळच्या नळावर कोणी केव्हा बादली लावावी याचे अलिखित हक्क ठरलेले असत, आणि नव्या भाडेकरूने त्यात हात घातला की भांडण पेटे. पण नळच दुसऱ्या कोपऱ्यात हलविला तर सर्वांचेच हक्क नव्याने ठरत. टाकीतील नियमही याहून भिन्न नाही. नवे मासे सोडण्याआधी जुन्यांना पोटभर खाऊ घालावे, दिवे मालवावेत, सर्व लाकडे व दगड काढून निराळ्या जागी मांडावेत, थोडे पाणी बदलावे, आणि मग एकटा न सोडता दोन-तीन नवे एकदम सोडावेत. नंतरचे दोन दिवस टाकी अंधारी ठेवावी. या काळात नवा मासा एका बाजूस कलून तळाशी पडून राहिला तरी लगेच घाबरू नये. वाहतुकीच्या शिणाने पिरान्हा अनेकदा असा निपचित होतो आणि काही तासांनी उठतो. मात्र इतरांनी त्याच्याभोवती घिरट्या घालण्यास आरंभ केला, तर त्यास तत्काळ बाहेर काढावे.

पिशवीतून आणताना दुहेरी, जाड पिशवी वापरावी किंवा झाकणाची बादली घ्यावी. टाकीतून पकडताना जाळ्यापेक्षा कठीण प्लॅस्टिकचा डबा बरा, कारण जाळे पिरान्हा कुरतडतो, दात त्यात अडकवून घेतो, आणि सोडवू पाहणाऱ्याच्या बोटाचा चावा घेतो. पिरान्हापासून घरगुती पालकास होणाऱ्या बहुतेक जखमा पाण्यात नव्हे, अशाच वेळी होतात.

आहार, आणि त्यातून वाचावयाची कैफियत

अन्न हे या तहाचे सर्वांत मोठे कलम. दहा सेंटिमीटरांखालील पिल्लांना दिवसातून दोनदा, प्रौढांना एक दिवसाआड किंवा आठवड्यातून तीनदा खाऊ घालावे. सालासकट कोळंबी, चिलापीचे काप, गांडुळे आणि चांगल्या प्रतीच्या मांसाहारी गोळ्या, असा बदलता आहार ठेवावा. कोंबडीचे आणि बकऱ्याचे मांस देऊ नये. त्यातील चरबी माशास पचत नाही. बांगड्यासारख्या तेलकट माशाने पाण्यावर तवंग येतो. जिवंत गोल्डफिश टाकून तमाशा पाहण्याची हौस काही मंडळींना असते, तीही सोडावी. त्या माशांबरोबर रोग येतात, त्यांच्या अंगातील थायमिनेज हे द्रव्य ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते, आणि पाठलाग करण्याची जी चटक पिरान्हास लागते ती शेजाऱ्यावर उलटते. उरलेले अन्न पंधरा-वीस मिनिटांत काढून टाकावे.

खाण्याची वेळ हीच निरीक्षणाची उत्तम वेळ, आणि तिच्यावरून टाकीतील साऱ्या कारभाराचा अंदाज येतो. कोळंबी पाण्यात पडताच पहिले काही क्षण कोणीच पुढे होत नाही. सर्व मासे दाटीने उभे राहून, पर हलवीत, एकाच दिशेस तोंड करून असतात. मग एक मासा, बहुधा कळपातील वडीलधारा, सरळ न येता तिरकस झेप घेतो, घास तोडतो आणि त्याच झटक्यात मागे वळून दूर जातो. तेथेच थांबून चावत राहिला तर मागून येणाऱ्याचा दात आपल्यालाच लागेल, हे त्यास ठाऊक असते. त्यापाठोपाठ दुसरा, तिसरा, आणि क्षणभर पाण्यात खवले आणि कोळंबीचे तुकडे यांचा गढूळ ढग उठतो. या गदारोळात पालकाने पहिल्याकडे पाहू नये, शेवटच्याकडे पाहावे. जो मासा खाण्यास येतच नाही, लाकडामागे तिरपा उभा राहतो, ज्याच्या शेपटीच्या परास अर्धचंद्राकार खांड पडलेली आहे आणि ज्याचा रंग इतरांहून फिकट किंवा काळवंडलेला आहे, त्याची पाळी जवळ आली असे समजावे.

एखादा पर कुरतडला जाणे ही नित्याची बाब आहे. स्वच्छ पाण्यात तो काही आठवड्यांत पुन्हा वाढतो. परंतु जखम अंगास असेल, मांस दिसत असेल, किंवा एकाच माशावर रोज नवी खूण उमटत असेल, तर त्यास वेगळ्या टाकीत हलवून लिटरला एक-दोन ग्रॅम खडेमीठ घालावे आणि भरून येईपर्यंत तेथेच ठेवावे. तो बरा झाल्यावर परत सोडताना वर सांगितलेला प्रवेशविधी पुन्हा करावा लागतो. वारंवार दंगा करणारा मासा एकच असेल तर बळी पडणाऱ्याऐवजी दंगेखोरास काही आठवडे बाहेर ठेवणे अधिक गुणकारी ठरते. त्याच्या गैरहजेरीत कळपाची नवी उतरंड बसते आणि परतल्यावर त्याचा जुना हक्क राहत नाही.

मारामारीची पूर्वसूचना पुष्कळदा कानांनाही मिळते. लाल पोटाचा पिरान्हा तीन प्रकारचे आवाज काढतो असे बेल्जियममधील लिएज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली नोंदविले. समोरासमोर ठाकताना भुंकल्यासारखा, अन्नावरून झटापट करताना ढोलावरील थापेसारखा आणि पाठलागात दातांचा करकर असा. पहिले दोन आवाज पोटातील वायुपिशवीलगतच्या स्नायूंमुळे निघतात. केवळ समोरासमोरचे भुंकणे ऐकू आले तर ते धमकावणीवर निभावते, आणि त्या अवस्थेत ढवळाढवळ न करणेच इष्ट.

एक प्रसंग मात्र असा आहे की ज्यापुढे सर्व बंदोबस्त लटका पडतो, तो म्हणजे विणीचा हंगाम. लाल पोटाच्या जोडीतील नर-मादी अंगाने काळपट होतात, वाळूत पसरट खड्डा करतात, त्यात हजारो अंडी घालतात, आणि मग त्या कोपऱ्याच्या आसपास कोणासही फिरकू देत नाहीत. अशी जोडी मिश्र टाकीत जमली तर टाकीचा निम्मा भाग तिच्या ताब्यात गेला असे समजून बाकीच्यांना दुसरीकडे नेण्याची तजवीज करावी. संततीची हाव धरून बाकीच्यांचे प्राण पणास लावू नयेत.

निर्णय करताना

हे सर्व वाचून ज्यांचा उत्साह कायम आहे त्यांना आमचा क्रमवार सल्ला असा. चार फुटी टाकी असेल तर मिश्र कळपाचा विचार करू नये. तीत एकटा सेरासाल्मस ठेवावा, आणि तोही सांचेझीसारखा आटोपशीर आकाराचा, कारण ऱ्हाँबियस फूट-सव्वाफुटापर्यंत वाढतो. सहा फुटी टाकी असेल तर पहिले वर्षभर केवळ नॅटेरेरीचाच सहा माशांचा कळप सांभाळून पाहावा. पाणी बदलण्याचा कंटाळा, वेगळी टाकी चालू ठेवण्याचा खर्च आणि सुट्टीत गावी जाताना विश्वासू माणूस शोधण्याची यातायात, या तिन्हींची परीक्षा तेवढ्या काळात पुरी होते. तीत उतरल्यास पुढील कळप कारिबा आणि पिराया यांसह, सर्व पिल्ले एकाच मापाची घेऊन, नव्याने उभारावा. जुन्या कळपात एकेकाची भर घालण्याचा मार्ग त्याहून धोक्याचा आहे.

सहा घेतले तर सहाही शेवटपर्यंत टिकतील असे वचन कोणी देऊ नये आणि कोणी घेऊ नये. पिरान्हा टाकीत दहा वर्षांहून अधिक जगतो, आणि एवढ्या मुदतीत एखादी रात्र अशी येते की पालकाची दक्षता अपुरी पडते. ज्यास हे सोसवणार नाही, त्याने एकटा मासा पाळावा, त्यात कमीपणा काहीच नाही. आणि ज्यास पुढे टाकी सांभाळणे अशक्य होईल, त्याने माशांना नदीनाल्यात न सोडता दुसऱ्या परवानाधारक पालकाकडे किंवा ज्या दुकानातून ते घेतले तेथेच सुपूर्द करावे, आणि तसे करता येईल याची कबुली दुकानदाराकडून खरेदीच्या वेळीच लेखी घेऊन ठेवावी.